जवारीचा दोरा आणि सात स्लायडर

बेळगाव आणि आम्हा गोंयकारांचं नातं फार जुनं. भाजी तिथून येते, दूध तिथून येतं, आणि एखादी सून किंवा जावईसुद्धा तिथूनच येतो. माझी बहीण लग्न होऊन बेळगावात गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. चोर्ला घाट चढून तिच्याकडे गेलं की दोन गोष्टी हमखास होतात. एक, कुंद्याचा डबा हातात पडतो. दोन, भाचा गिटार काढून बसतो.

यंदा गेलो तेव्हा त्यानं गिटारबरोबर एक छोटी डबीही दाखवली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, पायाने दाबायचं बटण, आणि वर सात बारीक स्लायडर ओळीत उभे. शेजारी आठवा, एकंदर आवाज वर-खाली करण्याचा. "इक्वलायझर पेडल आहे मामा. दोन-तीन हजारात मिळालं. नवी गिटार घेण्यापेक्षा हे बरं!" हिशेब पटण्यासारखा होता. गिटार साधीच, अँप्लिफायरही साधाच. त्यानं स्लायडर हलवले आणि खरंच, तीच गिटार वेगळी वाजायला लागली. खाली मृदंगासारखा भरदार नाद, वर काचेसारखी चमक. मीही मान डोलावली.

आठवड्याने त्याचा फोन. निपाणीला एका मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. "मामा, माझं कायच ऐकायला येईना की! मी वाजवतोय का नाही, तेच लोकांना कळेना!"

घरात इतका देखणा लागलेला आवाज निपाणीच्या मांडवात गेला कुठे? त्याचं उत्तर शोधता शोधता मी गिटारवरून तंबोऱ्यावर आणि तंबोऱ्यावरून पेटीवर जाऊन पोचलो. आणि फार लांबही जावं लागलं नाही. मिरज, कागवाड, बेळगाव. सगळं त्याच निपाणीच्या आसपास.

आधी ही डबी काय करते ते पाहू. इक्वलायझर म्हणजे 'समान करणारा'. हा शब्द संगीतातला नव्हेच, तो टेलिफोनवाल्यांचा. मैलोन्‌मैल तारेतून आवाज पाठवला की त्यातले तीव्र, बारीक स्वर वाटेतच गळून जात. पलीकडच्या माणसाला आवाज गोधडीतून आल्यासारखा लागे. म्हणून पलीकडच्या टोकाला अशी जोडणी करायची की गळालेला भाग पुन्हा उचलला जाईल आणि आवाज मूळच्याशी समान होईल. पुढे हीच युक्ती बोलपटांत आणि ध्वनिमुद्रणात आली, आणि १९७०च्या दशकात गिटारवाल्यांच्या पायाखाली. बॉस कंपनीचं सात स्लायडरचं प्रसिद्ध पेडल १९८१ सालचं. आज मिळणारी बहुतेक स्वस्त पेडलं त्याच घराण्यातली, स्लायडरवरचे आकडेसुद्धा तेच: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००.

हे आकडे म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. नीट पाहा, प्रत्येक आकडा मागच्याच्या दुप्पट आहे. कंपनं दुप्पट झाली की आपण म्हणतो स्वर एक सप्तक वर गेला. म्हणजे हे सात स्लायडर एकेका सप्तकाच्या अंतरावर उभे आहेत. मधोमध ठेवला की तो भाग जसाच्या तसा; वर सरकवला की वाढतो, खाली सरकवला की कमी होतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर साधारण ८२ कंपनं होतात. म्हणजे १०० चा स्लायडर गिटारच्या पोटाचा, २०० आणि ४०० अंगाचा, ८०० आणि १६०० चेहऱ्याचा, ३२०० धारेचा, आणि ६४०० नुसत्या झळाळीचा.

आता भाच्याने काय केलं होतं? दोन्ही टोकं वर आणि मधले स्लायडर खाली, पाळण्याच्या झोळीसारखे. नवशिका गिटारवाला जगात कुठेही असो, पहिल्या दिवशी हेच करतो. कारण घरात हळू आवाजात ते खरोखरच गोड लागतं. आवाज लहान असला की आपला कान खर्जाला आणि अगदी तीव्र स्वरांना मंद होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं. म्हणून लहान आवाजात टोकं वाढवली की भरल्यासारखं वाटतं. मांडवात आवाज मोठा. तिथे कानाला ती मदत नकोच असते. शिवाय तिथे गिटार एकटी नसते. खाली बेस गिटार आणि ढोल बसलेले, वर झांजा सळसळतात. खालची खोली भरलेली, माडीही भरलेली. राहता राहिलं माजघर, आणि तेच आमच्या पठ्ठ्याने स्वतःच्या हातानं रिकामं केलं होतं.

असो. हे सगळं त्याला फोनवर सांगताना मला सारखा तंबोरा आठवत होता.

निपाणीहून मिरज काही लांब नाही. मध्ये राज्याची सीमा आहे एवढंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धनांच्या जहागिरीत, शिकलगारी करणाऱ्या म्हणजे शस्त्रांना धार-पाणी देणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. तलवारींचे दिवस संपत आले होते. लोखंड घासणारे हात भोपळा आणि लाकूड घासू लागले. पुढे त्या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूरकडचे भोपळे, त्यावर तबली, दांडी, खुंट्या, घोडी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण तंबोऱ्याचा प्राण भोपळ्यात नसतो, घोडीत असतो. गिटारची तार घोडीच्या धारेवर टेकते आणि तिथेच संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिची पाठ अगदी किंचित उतरती घासलेली असते. तार कंप पावताना त्या पाठीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. त्या स्पर्शातून जे वरचे वरचे सूक्ष्म स्वर झरतात त्याला आपण जवारी म्हणतो. (बेळगावच्या बाजारात 'जवारी' म्हणजे गावठी. जवारी अंडी, जवारी मिरची. तिथल्या भाजीवालीला "जवारी बिघडली" म्हटलं तर ती भलतंच काहीतरी समजेल!) आणि या जवारीला नेमक्या जागी आणण्यासाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये घालतात एक साधा सुती दोरा. तो केसभर पुढे-मागे सरकवला की तंबोऱ्याचा सारा रंग पालटतो. कुठे आवाज बंद, घुसमटलेला. कुठे पत्र्यासारखा चिरका. आणि मधल्या एकाच जागी तो असा उघडतो की छेडलेल्या चार तारांतून न छेडलेला गंधार ऐकू यायला लागतो.

हा दोरा म्हणजे दुसरं काय हो? स्लायडरच! किंमत काही नाही. शिवणाच्या डब्यात सापडेल.

सर सी. व्ही. रामन यांना या जवारीने भुरळ घातली होती. पाश्चात्त्य शास्त्राचा नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर त्या नादात उमटायचे नाहीत. तंबोरा आणि वीणा हा नियम खुशाल मोडतात, जे उपस्वर नसायला हवेत तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि ही करामत त्या रुंद घोडीची आहे, असं रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं. त्याआधी वर्षभर त्यांनी मृदंग-तबल्याच्या शाईवर लिहिलं होतं. चामड्यावर चढवलेल्या त्या काळ्या थरामुळे ढोलाचा बेसूर गोंगाट सुरात कसा येतो, त्यावर. आपल्याकडे भजनात पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना तुम्ही पाहिलं असेलच. कणकेचा गोळा थोडा वाढवला की खर्ज उतरतो, थोडा काढला की चढतो. माझ्या लहानपणी देवळातले पखवाजी भजनाआधी कणीक थापायचे आणि उरलेली आम्हा पोरांना चिमण्या करायला द्यायचे. पेडलवरचा १०० चा स्लायडर मी प्रथम पाहिला तो असा, पिठाचा.

मिरजेची गोष्ट निघाली की अब्दुल करीम खाँसाहेबांना वगळून पुढे जाता येत नाही. किराण्याहून आलेला हा गवई मिरजेत स्थिरावला आणि १९३७ साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावला. आमच्या केरीच्या केसरबाईंना लहान वयात कोल्हापुरात काही महिने त्यांची तालीम मिळाली होती. खाँसाहेब वाद्यदुरुस्तीतही तरबेज होते, जवारी स्वतः काढायचे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला नेहमी वाटतं, त्या आवाजाची बारीक धार आणि तंबोऱ्याची जवारी एकाच कानसेवर घासलेली आहेत.

आणि याच खाँसाहेबांचं नाव एका महागड्या इक्वलायझरशीही जोडलेलं आहे! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स या दोघांनी ध्यास घेतला की पेटीत बावीस श्रुती बसवायच्या. खाँसाहेब त्यांना गाऊन साथ देत. १९११च्या सुमारास लंडनहून तशी खास श्रुतिपेटी बनवूनही आणली. हेतू उदात्त, कारागिरी पक्की. पण ती कुणाच्या घरी गेली नाही, कुठल्या देवळात वाजली नाही. लोकांनी आपली साधी पेटीच जवळ ठेवली.

त्या साध्या पेटीवर मात्र मोठा घाला आला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. आरोप तीन. तिचे स्वर बांधीव, श्रुती चुकतात. तिच्यात मींड नाही. आणि तिचा भरड आवाज गायकाला झाकून टाकतो. रवींद्रनाथांपासून अनेक मोठी माणसं तिच्या विरोधात होती. बंदी थोडीथोडकी नाही, १९७१ पर्यंत टिकली. धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झालं. म्हणजे ज्या मुलखात गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू अशी माणसं गात होती, तिथल्या केंद्रावर पहिली एकवीस वर्षं पेटीला दार बंद.

आता बेळगावात येऊ. पंडित रामभाऊ बिजापुरे १९१७ साली कागवाडला जन्मले. कागवाड मिरजेपासून अगदी जवळ, पण आज कर्नाटकात. त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांकडूनही शिक्षण घेतलं. वझेबुवा मूळचे सावंतवाडीकडचे, आणि केसरबाईंचेही एक गुरू. म्हणजे गोंय, सावंतवाडी, बेळगाव, मिरज असा हा सगळा एकाच चुलीवरचा स्वयंपाक. बेळगावात रामभाऊंनी श्रीराम संगीत विद्यालय काढलं, मराठी-कानडी दोन्ही घरांतली पोरं तिथे शिकली, आणि २०१० साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षापर्यंत ते बेळगावकरच राहिले. मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, कुमार गंधर्व... किती जणांच्या मागे ते पेटी घेऊन बसले!

आकाशवाणी ज्या वाद्याला नालायक ठरवून मोकळी झाली होती, तेच वाद्य हा माणूस त्याच काळात, त्याच मुलखात मैफिली-मैफिलींतून वाजवत होता. आरोप खोटे नव्हते. पेटीत मींड नाही ही गोष्ट खरीच. भरड आवाज गायकाला झाकतो हेही खरं. पण त्यावर इलाज पेटीतच असतात. स्वर ठेवावेत तसे ठेवले, की एकातून दुसरा उमलल्याचा भास होतो. भात्यावरचा हात हलका ठेवला की तोच स्वर मऊ होतो. खर्ज, नर, मादी अशा सुरांच्या ओळी असतात, कुठली उघडायची आणि कुठली बंद ठेवायची ते वाजवणाऱ्याच्या हातात असतं. कारागिराकडे गेलं तर तो पितळी सुराची पत्ती खरवडतो. टोकाशी खरवडली की स्वर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. पत्तीच्या टोकाला किंचित बाक दिला की स्वर तोच राहून त्याची जात बदलते. आणि या सगळ्याच्या वर साथीचा नियम: गायक गातो तेव्हा त्याच्या मागे सावलीसारखं जायचं, तो श्वास घेतो, तेवढी जागा आपली.

पेटीवाल्याचा आणि गायकाचा आवाज एकाच माजघरात राहतो, हीच तर सगळी अडचण. आणि ऑर्केस्ट्रातल्या गिटारची अडचण तंतोतंत हीच आहे. शब्दांतली व्यंजनं साधारण २००० ते ४००० कंपनांच्या भागात उजळतात. टेलिफोनवर वर्षानुवर्षं जेमतेम ३०० ते ३४०० एवढाच पट्टा पाठवत आणि तरी आपण माणूस ओळखायचो, ते याच भागाच्या जोरावर. गिटारवाल्याने तिथे गर्दी केली की गाणारी मुलगी काय म्हणते ते कळत नाही. तिथून अगदीच उठून गेला तर तोच कळत नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, घरात एकट्याने स्लायडर लावू नकोस, सगळे वाजवत असताना लाव. आणि आधी वाढवू नकोस, आधी काढ. १०० खाली घे, तो बेसवाल्याचा प्रांत. आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० आणि १०० वर असते, तीही थोडी कमी होईल. २००-४०० मध्ये घोगरेपणा वाटला तर थोडा काढ. ६४०० ला हातच लावू नकोस. गिटारच्या स्पीकरमधून तिथलं फारसं बाहेर पडतच नाही, वाढते ती नुसती सुं-सुं, आणि स्वस्त पेडलात तर जास्तच. मग ८०० आणि १६०० हळूच उचल. घरी ऐकशील तर नाकातला, चेपलेला वाटेल. वाटू दे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे पायातलं बटण. ती गात असेल तेव्हा पेडल बंद, गिटार आपली मागे. दोन कडव्यांच्या मधला तुकडा आला की दाब. गाणं सुरू झालं की पुन्हा काढ.

"मग हे पेडल डिस्टॉर्शनच्या आधी लावायचं का नंतर?" त्याचा प्रश्न बरोबर होता. मी त्याला त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातलं उत्तर दिलं. तिखट फोडणीत घातलं तर सगळी आमटी तिखट होते. वरून भुरभुरवलं तर जिभेला आधी तिखट लागतं, मग आमटी. आधी लावलंस तर आवाज फाटण्याची जातच बदलेल, नंतर लावलंस तर फाटलेल्या आवाजाला आकार येईल. दोन्ही करून बघ. कान सांगेल.

पुढच्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "मामा, तुझ्या तंबोऱ्याची जवारी काढायचीय ना? मी येतो मिरजेला." गेलो आम्ही. एका छोट्या दुकानात वयस्क कारागिरानं तंबोरा मांडीवर घेतला, तारा सैल केल्या, घोडीवर दोन हलके हात कानसेचे, पुन्हा तारा चढवल्या, छेडल्या, मान हलवली, पुन्हा सैल केल्या. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी घासायचं इतकं थोडं की डोळ्याला काही फरक दिसू नये. एकदा जास्त घासलं गेलं की परत भरता येत नाही. स्लायडर चुकला तर मागे घेता येतो, घोडी नाही. भाचा अवाक होऊन बघत होता. शेवटी कारागिरानं दोरा सरकवला आणि खोली एकदम उजळल्यासारखी झाली. त्यानं भाच्याच्या हातात तंबोरा दिला आणि म्हणाला, आता तुम्ही सरकवा. पोरानं दोरा हलवला, नाद मिटला. पुन्हा हलवला, चिरकला. पाच-सहा वेळा झाल्यावर एकदा उघडला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते सात स्लायडर विकत घेतले त्या दिवशी नव्हतं.

मी कारागिराला विचारलं, तुमच्यामागे हे काम कोण करणार? तो हसला. मुलगा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यांची दुरुस्ती करतो म्हणाला. गि‍ऱ्हाईक त्याचंच जास्त. आता तर तंबोरा मोबाईलमध्येच येतो, जवारी काढलेलीच. गाणाऱ्याची सोय झाली, मीही प्रवासात तोच लावतो, त्यामुळे दोष कुणाला देणार? पण त्या तयार जवारीवर वाढलेल्या कानाला बिघडलेली जवारी म्हणजे काय हे कळणार कुठून? मानांकनाचं प्रमाणपत्र गावाच्या नावाला संरक्षण देतं. दोरा कुठे थांबवायचा ते सांगणारा कान प्रमाणपत्रात मावत नाही.

परतताना कागवाडची पाटी लागली. भाच्याला मी दाखवलं, इथले रे ते पेटीवाले रामभाऊ. या रस्त्यावर पाट्यांची लिपी बदलते. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्या दुखण्याचं काय व्हायचं ते होवो. गाडीत मागच्या सीटवर तंबोरा आडवा, त्याला टेकून गिटार, आणि पोराच्या खिशात ती डबी. मध्येच त्यानं विचारलं, "मामा, त्या म्हाताऱ्यांकडे शिकायला गेलं तर किती दिवस लागतील?"

दिवस नव्हेत, वर्षं लागतील, म्हटलं. तो गप्प झाला. पण निपाणीपर्यंत त्याच्या बोटांची चुटपुट चालू होती, हवेतल्या हवेत काहीतरी केसभर सरकवत.